बारावा चमचा

चमच्याची वाटी ठोकून झाली होती, देठही सरळ उतरला होता. आता एक शेवटचा ताव द्यायचा, म्हणजे ठोके खाऊन ताठ झालेली चांदी पुन्हा मऊ पडेल. मग कानस, मग चकाकीसाठी ओप, की काम हातावेगळं. सुनेने खिडकीची फळी लावून घेतली. चांदी पुरेशी तापली हे रंगावरून कळतं, आणि तो मंद लाल रंग उजेडात दिसत नाही. म्हणून ताव द्यायच्या वेळी त्यांच्या कामाच्या खोलीत भरदुपारीही अंधार असायचा.

तिने चमचा निखाऱ्यांवर आडवा ठेवला आणि भाता हलकेच चालवला. सासरे शेजारी पाटावर बसले होते. मान भट्टीकडे होती, पण नजर कुठे होती ते सांगता आलं नसतं.

"आला का रंग?"

"येतोय बाबा."

देठ आधी लालसर झाला, मग मान, मग वाटीची कड. आणि वाटीच्या पोटात एक करडा ठिपका ओला होऊन चमकला. तिने घाईने चिमट्याने चमचा बाहेर ओढला, पण तोवर ठिपका आत शिरला होता. त्याच्या जागी सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं आणि शेजारी आणखी दोन खळगे, उंदराने कुरतडल्यासारख्या कडांचे.

"काय झालं?" सासऱ्यांनी विचारलं. भाता थांबलेला त्यांनी ऐकला होता.

दाराबाहेर कानस लावत बसलेला नवरा आत आला, त्याने फळी काढली आणि चमचा उजेडात धरला.

"शिसं," तो म्हणाला.

चमच्याच्या वाटीला खोली आणायची तर चांदी शिशाच्या ठोकळ्यावर ठेवून वरून गोल डोक्याचा ठोकणा मारावा लागतो. शिसं मऊ असतं, चांदीला सांभाळून घेतं. थंड असेपर्यंत दोघांचं छान चालतं. पण शिशाचा एक कण जरी चिकटून राहिला आणि चांदी तापली, तर तो कण वितळून चांदी खात सुटतो. म्हणून या खोलीचे पिढ्यान्पिढ्या दोन भाग होते. दाराकडची बाजू शिशाची, खिडकीकडची चांदीची. शिशाकडे तांबडं फडकं, चांदीकडे पांढरं. झाडूसुद्धा दोन.

"झाडलोट कोण करतं इथे?" नवऱ्याने विचारलं.

तिने चमचा परत घ्यायला हात पुढे केला.

"तुलाच विचारतोय. घासायला बसवली होती तेव्हा सगळं नीट चाललं होतं. हातोडी घ्यायची हौस आली."

"मी ताव द्यायच्या आधी पुसला होता."

"पुसला होता! मग हे काय, पावसाने पडलं? पाऊस तरी कुठे आहे यंदा."

पाऊस नव्हता हे खरंच. ओढा आटला होता, आणि अशा वर्षी नवीन चांदी घडवायला कोणी येत नाही. घरात काम म्हणून हे एकच होतं. टेकडीवरच्या घरातल्या बाईंकडे बारा जुने चमचे होते, सासऱ्यांच्या आजोबांनी घडवलेले. एकेक चमचा एका सळीतून काढलेला, कुठे सांधा नाही, बाराही एका वजनाचे. त्यातला एक मोडला. बाईंनी त्याचे तुकडे पाठवले आणि निरोप दिला: याच चांदीचा करा, दुसरी मिसळू नका. अकरांत खपून गेला तर घरातली सगळी चांदी इथून पुढे तुमच्याकडे. नाही तर शहरातलं दुकान आहेच. बाजाराच्या दिवशी आणून दाखवा.

नवऱ्याचा हात भांड्यांचा होता. तांब्या, ताट, पेले तो सुरेख करायचा, पण चमच्याला तो हात जड पडायचा. मानेशी जाडी राहायची. सासऱ्यांनी मग सुनेचं नाव काढलं. तिला त्यांनीच गेली काही वर्षं ओप देता देता हळूच ऐरणीपर्यंत आणलं होतं. नवरा कुरकुरला होता आणि शेवटी म्हणाला होता, "जमला तर बस ऐरणीवर, मी काही बोलणार नाही. बिघडला तर पुन्हा हातोडीला हात लावायचा नाही. कबूल?" तिने कबूल केलं होतं.

"कबूल केलं होतंस," आता तो म्हणाला.

"हो."

"मग ठेव ती."

तिने हातोडी ऐरणीवर ठेवली. तळहाताचा घाम दांड्यावर राहिला होता, तो पुसायचा राहून गेला.

नवरा बाहेर गेल्यावर तिने खिळ्यावरचं पांढरं फडकं काढलं आणि उजेडात धरलं. त्याच्या मधोमध करडा, तेलकट पट्टा होता, ठोकण्याच्या डोक्याएवढा रुंद. सकाळची गोष्ट तिला आठवली. सासऱ्यांनी ठोकणा पुसला होता, चाचपडत, पहिलं हाताला लागेल ते फडकं घेऊन. तेव्हा तिला वाटलं होतं तांबडं असेल. आणि त्याच पांढऱ्याने तिने नंतर चमचा पुसला होता, चांगला घासून, आतून-बाहेरून.

सासरे पाटावरच होते.

"फार खाल्लं का गं?"

"तीन जागी, बाबा."

"आरपार?"

"एक आरपार."

त्यांनी जिभेने दात चाचपले. हे फडकं नवऱ्याला दाखवलं की ती सुटणार होती. पण मागच्याच महिन्यात सासऱ्यांनी एका पळीचा दांडा भट्टीत वितळवून गोळा केला होता आणि नवरा म्हणाला होता, "बाबा, अजून एक वस्तू गेली तर हत्यारं मी पेटीत घालून कुलूप लावीन." तो बोलला की करणारा माणूस. आणि सासरे खोलीत नसले तर तिला तिथे बसवणारं तरी कोण होतं? तिने फडक्याची घडी केली आणि कमरेला खोचली.

*

जेवताना नवरा घास मोठे घेत होता. अखेर सासरेच म्हणाले, "त्याला अजून शिसं लागेल."

"कशाला?"

"चमच्याला. चांगलं दुप्पट-तिप्पट. वितळवून एकत्र करायचं."

नवऱ्याने हात थांबवला. "बाबा, तीन कणांनी वाटोळं केलं आणि तुम्ही आता ढेकूळ घालायला निघालात?"

"ऐकून तर घे. आता नुसता वितळवलास तर शिसं चांदीत राहील. सळी ओतशील, पण पहिल्या ठोक्याला तडकेल. ते बाहेर काढायचं तर आणखी शिसंच लागतं. हाडांच्या राखेची वाटी करायची, त्यात दोन्ही वितळवायचं आणि वरून वारा घालत राहायचं. शिसं जळतं आणि राखेत मुरतं. जाताना बाकीचा मळही घेऊन जातं. चांदी मुरत नाही. ती वर राहते."

"तुम्ही केलंय कधी?"

"आजोबांनी केलेलं पाहिलंय. एकदा माझ्या हाताने."

"एकदा! आणि आज कोण करणार?"

"तू भाता ओढ. मी सांगेन."

"आणि मी?" तिने विचारलं. विचारल्यावर तिला वाटलं, उगीच विचारलं.

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. "तू हाडं आण."

खाटकाच्या दुकानात माणसं नव्हती, माश्याच जास्त होत्या. तिने पिशवी पुढे केली आणि नुसती हाडं मागितली, मांस नको म्हणाली.

"कुत्रा पाळलात वाटतं," खाटीक म्हणाला.

"नाही, कामाला हवीत."

"चांदीच्या कामाला हाडं? लोकांना आता हाडांवर मुलामा देऊन विकायला लागलात की काय? दिवसच तसे आलेत म्हणा." तो स्वतःच्याच विनोदावर हसला. मग फळीखालची टोपली ओढून त्याने पिशवी भरून दिली. "घेऊन जा. मात्र काय घडवलंत ते दाखवायला आणा. माझ्या बैलाचा चमचा झाला तर मलाही बघायचाय."

हाडं परसात जाळली. आधी ती काळी झाली, मग करडी, मग खडूसारखी पांढरी. वास अंगणभर, केसांत, कपड्यांत. पांढरी झालेली तिने खलबत्त्यात कुटली, फडक्यातून गाळली, पुन्हा कुटली. दुपारभर कुटून खांदा भरून आला. सासरे पीठ चिमटीत घेऊन बघायचे आणि म्हणायचे, "खरखरतंय. अजून." चार वेळा असं झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, याहून बारीक केलं तर तोंडाला लावायला होईल."

"लाव की. पण आधी वाटी होऊ दे."

डोळ्यांना काय दिसत होतं देव जाणे, पण बोटांना सगळं दिसत होतं. राख किंचित ओली करून त्यांनी तळ जाड ठेवत तिची वाटी दाबली, अंगठा आतून फिरवत नेला आणि कडेची एक भेग, जी तिला दिसलीही नव्हती, बोटाने शोधून बुजवली. वाटी चुलीच्या उबेला वाळत ठेवली. नवरा येता-जाता वाटीकडे पाहायचा. बाजाराचा दिवस जवळ येत होता.

*

भट्टी परसात मांडली, भिंतीच्या सावलीत. शिशाचा धूर वाईट, म्हणून सासऱ्यांनी वारा कुठून येतो ते गालाला विचारलं आणि तिघांना त्या अंगाला बसवलं. नवरा भात्याशी. ती वाटीसमोर, ओल्या फडक्याने नाकतोंड बांधून.

"ही कशाला इथे?" नवरा म्हणाला.

"निखारे कोण सारणार?" सासरे म्हणाले.

राखेची वाटी लाल झाल्यावर आधी शिसं सोडलं, मग कापलेल्या चमच्याचे तुकडे. ते शिशात बुडाले आणि साखरेसारखे विरून गेले. इतक्या दिवसांचं काम असं दिसेनासं झालं. आता वाटीत नुसता एक चकचकीत गोल होता. त्यावर नवऱ्याने वारा घातला.

पिवळसर धूर निघू लागला. गोलावर साय धरायची, तेलाच्या थेंबांसारखी कडेकडे धावायची आणि राखेत शिरायची. की पुन्हा नवी साय. वाटीची कड पिवळी पडत गेली. भाता वर, भाता खाली. नवऱ्याच्या मानेवरून घामाच्या धारा लागल्या. वाऱ्याची झुळूक आली की ज्वाळा झोपायची, तेव्हा ती कोळसे सारून आडोसा करायची.

"साय आहे का?" सासऱ्यांनी विचारलं.

"आहे बाबा. जाड आहे."

"धावतेय का नुसती बसलीय?"

"धावतेय."

"धावू दे. बसली तर वारा कमी पडतोय."

थोड्या वेळाने पुन्हा, "आता?"

"पातळ होतेय."

"कडेला नक्षी धरली का?"

नवऱ्याने भाता न थांबवता मान वळवली. "बाबा, वाटी तुमच्यापासून हातभर आहे. सारखं तिला काय विचारताय?"

सासऱ्यांनी हात आगीच्या उबेकडे केला.

"दिसत नाही का तुम्हाला?"

"आग दिसते," सासरे म्हणाले. "आगीतलं काही दिसत नाही."

भात्याचा एक श्वास चुकला. मग पुन्हा चालू.

"कधीपासून?"

"झालं बरेच दिवस. आधी रंग गेले."

"रंग गेले," नवरा म्हणाला. तो तिच्याकडे पाहू लागला, आणि तिने निखाऱ्यांवरची नजर काढली नाही. "म्हणजे तांबडं-पांढरं…"

"भात्याकडे बघा," ती म्हणाली.

"फडकं कुठाय?"

"भात्याकडे बघा म्हणते ना!"

"शिसं तुमच्या हाताने लागलं, बाबा?"

"लागलं असेल. दिसलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं."

"आणि हिला माहीत होतं. माहीत होतं ना तुला? तीन दिवस माझ्या शिव्या खात…"

"रंग!" ती ओरडली. "बाबा, रंग आले!"

गोलावर रंगांचे पट्टे फिरू लागले होते, हिरवे, जांभळे, पुन्हा हिरवे, पाण्यावर सांडलेल्या रॉकेलसारखे. ते जोरात फिरले, पातळ झाले, आणि शेवटची साय मधोमध फाटून दोन्हीकडे सरकली. खाली चांदी होती. इतकी लख्ख की तीत भाता दिसला, भिंत दिसली, आभाळाचा तुकडा दिसला.

"झाली! बाबा, झाली!"

नवऱ्याने भाता सोडला.

"सोडू नकोस!" सासरे अर्धे उठले. "हळूहळू निववायची! ती वारा प्यायलेली असते…"

पण परसातून झुळूक आली आणि लख्ख गोलावर एकदम कवच धरलं. क्षणभर काही झालं नाही. मग कवच फुगलं, फुटलं, आणि चांदी थुंकली. बारीक मणी चारी बाजूंना उडाले, राखेत, कोळशात, मातीत. गोलावर फुलकोबीसारखे कोंब उगवून थिजले.

नवरा दोन्ही हात तसेच हवेत धरून बसला होता.

कोणी त्याला काही म्हणालं नाही. तेच त्याला सहन झालं नसावं. थोड्या वेळाने तो गुडघ्यांवर आला आणि माती चिवडू लागला. एकेक मणी नखाने उचलून तळहातावर घेत होता. ती त्याच्या शेजारी बसली. दोघांची डोकी जवळजवळ टेकली होती.

"फडकं दे," तो खाली बघतच म्हणाला.

तिने कमरेचं फडकं काढून दिलं. त्याने करडा पट्टा पाहिला, फडकं भट्टीत टाकलं, आणि पुन्हा मणी शोधू लागला.

जेवढे सापडले तेवढे सापडले.

*

त्या संध्याकाळी नवऱ्याने शिशाचा ठोकळा उचलून खोलीबाहेर, पडवीत नेला. तो जड असतो. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. शेजारी सासऱ्यांचा पाट मांडला.

"बाबा, आजपासून तुम्ही इथे. शिसं ओतणं, ठोकळा सपाट करणं, ठोकणे घासणं, सगळं तुमचं. चांदीकडे यायचं नाही."

सासरे पाटावर बसले. हात मांडीवर पालथे. "बरं," म्हणाले. ते 'बरं' ऐकून तिला वाटलं, यापेक्षा ते भांडले असते तर बरं झालं असतं.

सकाळी नवरा भट्टीशी येऊन भात्यापाशी बसला. हातोडी अजून ऐरणीवरच होती, कोणी हलवली नव्हती. ती दाराशी उभी राहिली.

"बघत काय बसलीस?" तो म्हणाला. "बाजार काय थांबणार आहे आपल्यासाठी?"

नुसती निर्मळ चांदी फार मऊ, दाताने वाकेल अशी. शिशाने जाताना तिच्यातलं तांबंही नेलं होतं. सासऱ्यांनी पडवीतून सांगितलं तेवढा तांब्याच्या तारेचा तुकडा नवऱ्याने मुशीत टाकला, सळी ओतली, आणि ती बसली.

सळीचं एक टोक चपटं करायचं, ते वाटीसाठी. उरलेली ओढून लांबवायची, तो देठ. मधली मान सगळ्यांत अवघड. तिथे जास्त मारलं तर पातळ, कमी मारलं तर जड. ठोका, ताव, तुरटीचं पाणी, ठोका, ताव. खिडकीची फळी लाव, काढ, लाव. नवरा भाता ओढत होता आणि रंग आला की ती बोट वर करायची, तो थांबायचा. दोघांत तेवढंच बोलणं.

"मान झाली," पडवीतून आवाज आला. "आवाज पडलाय. आता तिथे मारू नकोस."

तिने बोटाने चाचपलं. खरंच झाली होती.

"बाबांचे कान कुलूप लावून ठेवता येणार नाहीत," नवरा पुटपुटला. ती हसली नाही, पण हातोडी धरलेला हात जरा सैल झाला.

वाटी ठोकायला ती चांदी घेऊन पडवीत गेली. सासऱ्यांनी ठोकळा चाचपून दिला, ती मारत राहिली. परत येताना दारात थांबून तिने वाटी राखेने घासली, तुरटीने धुतली, नव्या पांढऱ्या फडक्याने पुसली, पुन्हा धुतली. नवऱ्याने ती हातातून घेतली, खिडकीशी नेली, उलटसुलट पाहिली आणि परत दिली. मग शेवटचा ताव. अंधारात देठ लाल झाला, मान, वाटीची कड, वाटीचं पोट. पोट एकसारखं लाल राहिलं.

*

टेकडीवरच्या बाई वयस्क होत्या, काटकुळ्या, आणि त्यांना वाट पाहायला आवडत नव्हतं. जेवणाच्या लांब टेबलावर अकरा चमचे मांडून ठेवले होते. सून मागे उभी राहिली, नवऱ्याने बारावा त्यांत ठेवला. बाईंनी सगळे एकत्र केले, डोळे मिटून पुन्हा मांडले, आणि एकेक हातात घेऊन पाहिला. वाटीवरून अंगठा. मानेवरून नख. उलटा, सुलटा. जुन्यांवरची बारीक ओरखड्यांची जाळी नव्यावरही होती. ती सुनेने राखेने घासून आणली होती. एकदा बाईंनी चुकीचा उचलला आणि "हा," म्हणाल्या. नवऱ्याच्या चेहऱ्यावरून चुकलं हे ओळखून त्यांनी तो परत ठेवला.

मग त्या आत गेल्या आणि तराजू घेऊन आल्या.

एका पारड्यात एक, दुसऱ्यात एक. सरळ. काढला, दुसरा ठेवला. सरळ. बाईंना घाई नव्हती. अखेर एक पारडं हळूच वर गेलं आणि वरच राहिलं.

"हा," बाई म्हणाल्या. "तुमच्या पणजोबांनी बाराही एका वजनाचे केले होते."

"हो बाई," नवरा म्हणाला.

"तुकडे मी पुरे दिले होते. कमी पडलेली चांदी कुठाय?"

नवऱ्याचे कान लाल झाले. इतका मोठा माणूस, आणि टेबलाच्या कडेला बोट घासत उभा. शेवटी तीच बोलली. शिसं लागलं, ते काढावं लागलं, थोडी चांदी राखेत मुरली आणि थोडी निवताना उडाली. उडालेली सापडली तेवढी गोळा केली. "राखेची वाटी जपून ठेवलीय. हवी तर आणून देते. तीत आहे थोडी, पण ती काढायला पुन्हा शिसंच लागेल."

"दुसरी घालून वजन पुरं करता आलं असतं."

"तुम्ही नको म्हणाला होतात."

"कोणाला कळलं असतं?"

असं करता आलं असतं हे तिला आता सुचत होतं.

बाईंनी हलका चमचा पारड्यातून काढून हातात तोलला. "कोणी घडवला? म्हातारबुवांनी?"

"नाही," नवरा म्हणाला. त्याने बोट घासणं थांबवलं. "हिने."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, तिच्या चेहऱ्याकडे आणि मग हातांकडे. नंतर बाराही चमचे फडक्यात गुंडाळून गाठ मारली आणि गाठोडं नवऱ्यापुढे न करता तिच्यापुढे सरकवलं.

"सगळे उजळून आण. बाकीची चांदी त्यानंतर. आणि हे अकरा मात्र हलके करू नकोस."

उतारावरून येताना नवरा पुढे चालत होता. ओढ्याच्या कोरड्या पात्रात तो थांबला, ती जवळ येईपर्यंत.

"मी म्हणालो होतो, जमला तर बस ऐरणीवर," तो म्हणाला. "बसायचं तर रोज बसावं लागेल. आज डोकं दुखतं, उद्या पाणी भरायचंय, असं चालणार नाही."

"पाणी कोण भरणार मग?"

तो थोडा वेळ चालत राहिला. "बघू," म्हणाला.

सासरे पडवीत पाटावर बसले होते. पावलं ऐकून त्यांनी मान वर केली.

"ओळखला का बाईंनी?"

"ओळखला, बाबा," ती म्हणाली.

त्यांचा चेहरा उतरला. "कशावरून? मानेवरून?"

"नाही. तराजू आणला. वजनावरून."

"घडणीवरून नाही?"

"घडणीवरून बघताना तुमच्या आजोबांचाच एक उचलला त्यांनी."

सासऱ्यांचं पोट हलू लागलं, खांदे हलू लागले, आणि ते हसताहेत हे तिला उशिराने कळलं. नवरा दारात पायातली वहाण काढत उभा होता. त्यांनी त्याच्या अंगाला हात केला.

"ऐकलंस ना रे? हलकेपणा तेवढा आपल्या दोघांचा. बाकीचा चमचा तिचा."